म्युझियममधली जुनी भांडीकुंडी, अडकित्ते, जाती नीट बघायची कशी

पुण्यातलं राजा दिनकर केळकर म्युझियम बरेच जण तासाभरात उरकतात, मस्तानी महाल बघायचा, दोनचार फोटो काढायचे आणि मधल्या अडकित्त्यांच्या, दिव्यांच्या, दौतींच्या शोकेसवरून नुसती नजर फिरवत बाहेर पडायचं. मला याचं फार वाईट वाटतं. त्या संग्रहाचा जीव त्या शोकेसमध्येच आहे हो, तलवारी आणि पगड्या कुठेही बघायला मिळतात, पण कुणाच्या तरी माजघरात रोज हाताळलेला अडकित्ता किंवा न्हाणीघरात टाचा घासायची वज्री जपून ठेवावी असं किती जणांना सुचलं? दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांना सुचलं. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारा हा माणूस साधारण १९२० पासून या वस्तू गोळा करत राहिला, पत्नी कमलाबाईंची साथ होती, आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. आज तिथे २०,००० च्या वर वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या थोड्याच.

अशा घरगुती वस्तू बघायची एक सवय लावून घेता येते, मी ती इथे जमेल तशी लिहितेय. पुण्यातच जायला हवं असं नाही, नागपूरचं अजब बंगला (१८६३ चं), भायखळ्याचं भाऊ दाजी लाड (१८७२ ला लोकांसाठी उघडलं), सावंतवाडीचा राजवाडा, कुडाळजवळ पिंगुळीचं ठाकर आदिवासी कला अंगण, किंवा तुमच्या तालुक्याला कुणी वाड्याच्या दोन खोल्यांत मांडलेला संग्रह, सगळीकडे हीच पद्धत चालते.

जायच्या आधी फक्त एवढंच ठरवा की आज काय बघायचंय. सगळं बघायला गेलात तर काहीच दिसत नाही. आज फक्त दिवे, नाहीतर आज फक्त तांब्याची भांडी, बस. सुट्टीचा वार फोनवर विचारून घ्या कारण प्रत्येकाचा वेगळा असतो, भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतं आणि लोक सोमवारचा हिशोब धरून जातात. वही, पेन्सिल आणि फोन पुरे. फोनचा कॅमेरा झूम करून भिंगासारखा वापरता येतो, फोटोला परवानगी असेल तिथे, आणि फ्लॅश मात्र कुठेही नाही म्हणजे नाही. कापड, कागद, रंगवलेलं लाकूड यांचे रंग उजेडाने उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. जुनं कापड मांडतात तिथे उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, आपल्याला ते अंधारं वाटतं, पण दहा मिनिटं थांबलात की डोळ्यांना सवय होते आणि मग विण दिसायला लागते.

आता वस्तूसमोर उभे राहिलात की लेबल वाचायचं नाही. आधी वस्तू. कशाची बनलीय, तुकडे कुठे जोडलेत, कुठे झिजलीय, कुठे दुरुस्त केलीय, हे चार प्रश्न मनात विचारायचे, आणि मग पाचवा की ही धरायची कशी, उजव्या हातात की दोन्ही हातांत, उभ्याने की बसून. आपल्या घरातली बहुतेक कामं जमिनीवर बसून चालायची आणि वस्तू त्याच हिशोबाने घडवलेल्या आहेत, पण शोकेसमध्ये त्या आपल्या छातीच्या उंचीला ठेवलेल्या असतात त्यामुळे त्यांचा अंदाज चुकतो. मी तर सरळ गुडघ्यावर बसते आणि वरून बघते. लोक बघतात, बघू देत.

अडकित्त्यापासून सुरुवात करा असं मी सगळ्यांना सांगते, कारण त्यात सगळंच आहे. दोन दांडे, एका टोकाला खिळ्याने जोडलेले, सुपारी त्या खिळ्याच्या अगदी जवळ ठेवायची आणि जोर दुसऱ्या टोकाला द्यायचा, म्हणजे हाताचा जोर कितीतरी पट होऊन सुपारीवर येतो. अंग पितळेचं असलं तरी पातं बहुतेक पोलादाचंच असतं, कारण पितळेच्या धारेला सुपारी दाद देत नाही. हे पातं कसं बसवलंय ते बघा, रिपीट (रिव्हेट) मारलेलं दिसेल. मग पात्याची रुंदी बघा. वर्षानुवर्षं धार लावून लावून पातं मधे खोलगट झालेलं असतं, नवं असताना सरळ असणार. आणि वर घोडा, मोर, पोपट, राघूमैनेची जोडी असं काहीतरी कोरलेलं असतं, त्यातला कुठला भाग गुळगुळीत झालाय ते शोधा. मोराच्या पाठीवरची नक्षी गेलेली आणि पोटाखालची तशीच शाबूत, याचा अर्थ अंगठा तिथे टेकायचा. खूप नक्षी आहे आणि पातं कोरं आहे असं दिसलं तर तो आल्यागेल्यासमोर तबकात ठेवायचा असणार, रोजची सुपारी दुसऱ्याच साध्या अडकित्त्याने कातरली जायची. लेबलवर 'अडकित्ता, पितळ, १९ वे शतक' एवढंच असतं, हे बाकीचं तुम्ही स्वतः वाचलंत.

तांब्यापितळेला मी सगळ्यात जास्त वेळ देते. पहिलं ओळखायचं ते ठोकलेलं की ओतलेलं. तांब्याचा पत्रा ठोकून भांडं करतात ते तांबट, पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे अजूनही ठोक्यांचा आवाज ऐकू येतो, कधी गेला नसाल तर म्युझियमच्या आधी तिथे जाऊन या. पत्रा ठोकला की कडक होत जातो, मग भट्टीत तापवून मऊ करायचा, परत ठोकायचा, असं कितीतरी वेळा. शेवटी मठारतात, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने अंगभर एकसारखे ठोके, त्याने भांड्याला बळकटी येते आणि अंगावर चमकदार बारीक चपट्या खुणांच्या ओळी उठतात. या ओळी नीट बघा. पोटाच्या फुगीर भागावर त्या एकसारख्या जातात पण गळ्यापाशी हात वळवावा लागतो तिथे जरा दाटी होते, आणि हाताने केलेलं भांडं तिथेच ओळखू येतं. मशीनवर साच्यावर दाबून केलेल्या भांड्याला असे ठोके नसतात, आत गोलगोल बारीक रेषा असतात.

मोठा हंडा किंवा घागर असेल तर खाली वाकून कमरेच्या खाली जोड शोधा. बुड आणि वरचं अंग वेगळं घडवलेलं असतं, मग एका तुकड्याच्या कडेला दाते पाडून ते दुसऱ्यात आलटून पालटून बसवतात आणि वर पितळेचा डाक देतात, म्हणजे पितळ वितळवून सांधतात. जुन्या भांड्यावर लालसर तांब्यात ही पिवळी नागमोडी दातेरी रेष स्पष्ट दिसते. ती एकदा दिसली ना की मग प्रत्येक भांड्यावर तुम्ही तीच शोधत बसता! शंभर वर्षं पाणी भरून, आपटून, विहिरीच्या काठावर घासून तो जोड धरून राहिलाय, करणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

मग आत डोकवा, दिसत असेल तर. आत पांढरट थर असेल तर ती कल्हई, म्हणजे कथिल. भांडं तापवून नवसागराने आतला पृष्ठभाग साफ करायचा आणि कथिल वितळवून कापसाच्या बोळ्याने झपाट्याने फिरवायचं, कथिल २३२ अंशाला वितळतं त्यामुळे साध्या भात्याच्या भट्टीवर काम होतं. ही कल्हई का, तर आमटी, ताक, चिंच असं आंबट काही उघड्या तांब्यापितळेत ठेवलं की कळकतं आणि अंगाला बाधतं. पाण्याच्या हंड्याला आतून कल्हई लागत नाही. म्हणजे आत बघून कळतं की भांडं चुलीवरचं की पाण्याचं, आणि लेबलवर नुसतं 'भांडे' लिहिलेलं असलं तरी तुमचं अडत नाही. कल्हई उडून लाल तांबं कुठे दिसतंय तेही बघा, पळी जिथे घासायची तिथलीच आधी उडते.

ओतलेल्या वस्तू, म्हणजे समया, घंटा, देवाच्या मूर्ती, या जाड आणि वजनदार. मेणाची प्रतिकृती करून तिच्यावर माती लिंपायची, भाजून मेण काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा अशा रीतीने केलेली वस्तू असेल तर साचा फोडावाच लागतो, म्हणून तशी दुसरी हुबेहूब मिळत नाही. समयांची जोडी मांडलेली असेल तर दोन्ही बारकाईने ताडून बघा, मोराची मान एकीत थोडी जास्त वळलेली असते, वाती ठेवायच्या चोचींमधलं अंतर सारखं नसतं. साच्याच्या दोन अर्ध्या भागांतून ओतलेल्या वस्तूवर मात्र बाजूने उभी रेष राहते, कानशीने घासून काढलेली असते पण खाचेत कुठेतरी उरते.

भांड्याच्या काठावर नाव शोधायला विसरू नका. ठिपके ठोकून घातलेलं असतं, कधी देवनागरी कधी मोडी, आहेरात आलेलं असेल तर देणाऱ्याचंही असतं, आणि गावजेवणाला भांडी गोळा व्हायची तेव्हा परत मिळायला नाव हवंच. सोबत शके लिहिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा की इसवी सन आलं, शके १८२० म्हणजे १८९८, आणि वर्ष चैत्रात सुरू होतं म्हणून जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतची तारीख असेल तर ७९ मिळवायचे. अंदाजे 'विसावे शतक' लिहिलेल्या भांड्यावर अशी तारीख दिसली तर म्युझियमवाल्यांना नक्की सांगा, ते लोक खूश होतात.

दगडाच्या वस्तूंकडे लोक बघतही नाहीत, जातं कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेलं असतं. वाकून दोन पाळूंमधली, म्हणजे जात्याच्या दोन दगडांमधली फट बघा. पाळूंना आतून बारीक खाचा असतात, दळून दळून त्या बुजतात मग पिठाऐवजी भरडाच पडतो, म्हणून टाकी लावणारा येऊन छिन्नीने परत खाचा पाडून द्यायचा. प्रत्येक टाकीला दगड थोडा उतरतो, त्यामुळे वरची पाळू पातळ झालेली असेल तर ते जातं एका नाही दोनतीन पिढ्यांनी ओढलंय असं धरायला हरकत नाही. खुंट्याचं भोक बघा, एक फुटलं म्हणून शेजारी दुसरं पाडलेलं कितीतरी जात्यांवर दिसतं. आणि ओढताना बायका गायच्या त्या ओव्या, त्या ऐकायच्या असतील तर हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगाव फिरून एक लाखावर गोळा केल्यात, 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर आवाजासकट टाकल्या जाताहेत. म्युझियममधल्या जात्यासमोर हेडफोन लावून दोनतीन ओव्या ऐकून बघा, मी करते, आणि प्रत्येक वेळी ते जातं वेगळं दिसायला लागतं.

लाकडात विळी. पाटाच्या ज्या बाजूवर पाय दाबून बसायचं तिथलं लाकूड गुळगुळीत आणि काळपट, दुसरी बाजू खरखरीत. पातं धार लावून अर्ध्यावर आलेलं. काठवट असेल तर आतल्या तळाला भाकरी थापून पडलेला खळगा बोटाने कळला असता, पण हात लावायचा नाही, बाजूने तिरकं बघितलं तर उजेडात सावली पडते तिथे समजतो.

मापं एकत्र मांडलेली असतील तर थांबाच. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, प्रत्येक पुढचं आधीच्याच्या दुप्पट, आणि चार शेरांची पायली. धान्य वजनावर नाही, मापावर चालायचं, आणि माप गावागणिक थोडं कमीजास्त असायचं, मेट्रिक वजनांची सुरुवात आपल्याकडे १९५८ ला झाली आणि पुढच्या काही वर्षांत ही सगळी मापं व्यवहारातून गेली. काहींच्या काठावर तपासणीचा शिक्का मारलेला असतो तो शोधा. काठ किती झिजलाय ते तर बघाच, कारण माप भरलं की वरून हात फिरवून सपाट करायचं, शिगोशीग द्यायचं की सपाट यावरून घासाघीस व्हायची.

कापडात गोधडी मिळाली तर नशीब समजा, कारण गोधडी फाटेपर्यंत वापरतात आणि मग पायपुसणं करतात, म्युझियमपर्यंत पोचतच नाही. वरचं कापड जिथे विरलंय तिथून खालच्या लुगड्याचे काठ डोकावतात, थर मोजता येतात. टाका साधा धावदोरा, कडेने सुरू होऊन आत आत जाणारा, आणि कोपऱ्यावर वळताना टाक्यांचं अंतर बदलतं. दोन बायकांनी दोन बाजूंनी शिवली असेल तर दोन्हीकडचे टाके वेगळे पडतात, हे ओळखायला मला वेळ लागला पण आता चटकन दिसतं.

गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, बघायला सावंतवाडी. दशावतारी गंजिफेची गड्डी १२० पानांची, दहा अवतारांची बारा बारा पानं, सगळी गोल आणि प्रत्येक हाताने रंगवलेलं. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर लेप देऊन घोटून मग रंग आणि लाख. एकाच अवताराची राजा आणि वजीर अशी दोन पानं शेजारी ठेवलेली असतील तर ब्रशच्या रेघा ताडून बघा. तिथून पिंगुळी जवळच आहे, चित्रकथीच्या (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची त्या) पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या, आणि दाखवणारं कुटुंब तीच कला करणारं, परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली ते हेच. तिथे बाहुली हातात धरून कशी हलते ते बघायला मिळतं, शोकेसमध्ये हे कधीच कळत नाही.

एक गोष्ट बघताना सतत डोक्यात ठेवा. म्युझियममध्ये जे आहे ते वाचलेलं आहे. तांब्यापितळेची साधी भांडी मोडीत गेली, वितळली, त्यांचंच नवं भांडं झालं. नक्षीचा पानडबा राहिला कारण तो मोडायला कुणाचा हात धजला नाही, रोजचं तपेलं गेलं. बांबूची सुपं, टोपल्या, केरसुण्या तर किड्याने आणि ओलीने संपतात. म्हणून साधी, चेपलेली, ठिगळ लावलेली वस्तू दिसली की तिच्यासमोर जास्त वेळ थांबा, तिच्या मागे अशा हजारो गेलेल्या आहेत.

शक्य असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जा, हे सगळ्यात महत्त्वाचं. पण "आजी, हे काय आहे?" असं विचारू नका, उत्तर एका शब्दात येतं आणि संपतं. "आजी, हे कसं धरायचीस गं?" असं विचारा. मग हात आपोआप हलायला लागतात, बसायची पद्धत दाखवतात, कोण काय म्हणायचं ते येतं, सासूचा विषय निघतो, शेजारची बाई निघते. त्या हातांचा व्हिडिओ घ्या, चेहऱ्याचा नाही घेतला तरी चालेल. दुसऱ्या कुणाच्या आजी असतील तर "आजी, तुमच्याकडे हे कोण वापरायचं, रोज का सणावारी?" असं विचारा आणि मग मधे बोलू नका. त्या वस्तूला जे नाव घेतील तेच जसंच्या तसं लिहा, पुस्तकातल्या नावाने दुरुस्त करू नका. आणि मधे बसायला जागा बघून ठेवा, म्युझियममध्ये उभं राहून पाय दुखतात आणि मग गप्पा थांबतात.

नोंद करायची सोपी रीत म्हणजे आधी लेबलचा फोटो, मग वस्तूचा, मग जोडाचा किंवा झिजेचा जवळून. लेबलवर किंवा वस्तूच्या बुडाला रंगाने बारीक लिहिलेला दाखल क्रमांक असतो तो आवर्जून टिपा, पुढे कुणाला काही विचारायचं झालं तर त्या नंबराशिवाय कुणी वस्तू शोधून देऊ शकत नाही. आणि पेन्सिलने चित्र काढा, वाकडंतिकडं चालेल, कारण काढताना दांडा नेमका कुठे वळतो ते बघावंच लागतं, फोटो काढताना बघायला लागत नाही.

मांडलेल्यापेक्षा कितीतरी जास्त वस्तू आत भांडारात असतात. त्या बघायच्या तर अभिरक्षकांच्या (क्युरेटरच्या) नावाने साधं पत्र द्या, कुठल्या प्रकारच्या वस्तू, कशासाठी, कुठल्या तारखेला, फोटो हवेत का, एवढं लिहा आणि दोनतीन आठवडे हातात ठेवा. 'सगळं बघायचंय' असं लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही, 'कल्हई असलेली पातेली बघायचीत' असं लिहिलं की येतं. आत गेलात की अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, पेन खिशातच, आणि वस्तू त्यांनी उचलून दाखवली तरच, कडीला किंवा दांड्याला धरून स्वतः उचलायची नाही, जुने जोड तिथेच सुटतात.

हे सगळं बघून घरी आलात की माळ्यावरचं पोतं आठवणारच. तर ते खाली काढा पण घासू नका. चिंच, लिंबू, पितळ उजळायची पावडर यातलं काहीही लावू नका, वरचा काळपट थर गेला की त्याबरोबर ठोक्यांच्या खुणा आणि नावाचे ठिपकेही पुसट होतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, कापड असेल तर घडी न घालता जुन्या स्वच्छ मलमलीसकट गुंडाळून ठेवा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, त्या परदेशी पाठवता येत नाहीत आणि मूर्ती, चित्रं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, हेही माहीत असू द्या. म्युझियमला द्यायचं ठरलं तर वस्तूबरोबर एक कागद द्या, कुणाची होती, कुठल्या गावची, कुणी वापरली, शेवटची कधी वापरली, दुरुस्ती कुणाकडून केली, घरात तिला काय म्हणायचे. तो कागद नसेल तर तुमच्या पणजीचं तपेलं तिथे 'भांडे, तांबे' होऊन बसेल. आणि दिल्यावर पोच घ्या, तिच्यावर दाखल क्रमांक लिहिलेला बघूनच निघा.